परतीच्या प्रवासानंतरचे ऊन



दादा आणि वहिनी न्यू जर्सीतील सुट्टी संपवून ऑक्टोबरात न्यूयॉर्कहून मुंबईमार्गे पुण्यास परतत आहेत. या पत्राचा विषय त्यांच्या आगमनानंतरचे आठ-दहा दिवस हा आहे, कारण पूर्वेकडे केलेल्या लांबच्या विमानप्रवासाचा शीण घरी पोहोचल्यानंतरच जाणवू लागतो आणि नेमक्या त्याच दिवसांत घरची माणसे, केवळ मायेपोटी, तो वाढेल असे वागतात.

प्रवासाबद्दल थोडेच पुरे. पृथ्वीच्या गोलावर न्यूयॉर्क ते मुंबई हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते आणि त्याची रेषा, जिला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात, उत्तरेला थेट आइसलंडच्या अक्षांशापर्यंत चढून मग भारताकडे उतरते. वारे आणि बंद असलेल्या हवाई हद्दी पाहून विमाने या रेषेपासून बरीच ढळतात, तरीही थेट विमानाला चौदा-पंधरा तास लागतातच. एवढा वेळ केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका राखलेला असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच आहे, तेव्हा साठी-सत्तरीतली माणसे त्या माथ्यावरच्याहून विरळ आणि अत्यंत कोरड्या हवेत रात्रभर बसून येतात, हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो मुळात फार थोडा असला, तरी दोघांच्या जागा मधल्या वाटेलगतच्या असाव्यात, म्हणजे दर दीड-दोन तासांनी कोणाला न उठवता चार पावले चालता येईल. मुंबईहून पुढे गाडीत बसणे पुन्हा आहेच, म्हणून वाटेत एकदा खाली उतरून पाय मोकळे करावेत. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर प्रवासाचा शीण म्हणून दुर्लक्ष न करता तडक डॉक्टरांकडे जावे.

आता मुख्य मुद्दा. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर, हजारो पेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांची दैनंदिन लय तो राखतो, म्हणून त्याला जैविक घड्याळ म्हणतात. पेशींतील अशा घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ बाहेरून काही खूण मिळाली नाही तर चोवीस तासांहून किंचित मोठ्या दिवसाने चालते. त्यामुळे त्याला मागे रेंगाळणे सोपे जाते आणि पुढे धावणे कठीण. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि पूर्वेकडे येताना आखडतो, म्हणूनच परतीचा प्रवास जाण्याच्या प्रवासापेक्षा अंगावर अधिक येतो आणि घड्याळ दिवसाला जेमतेम तासाभराने सरकते. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आणि भारत यांच्या वेळांत साडेनऊ तासांचा फरक असतो, तेव्हा आठ-दहा दिवसांचा हिशेब सरळ आहे.

पहिल्या रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरातील दिवा लागलेला दिसेल, कोणी डबे उघडून चिवडा शोधत असेल किंवा चहाचे आधण ठेवत असेल. त्यांच्या शरीरात त्या वेळी संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि भूक खरी असते. उलट दुपारी दीडला, पान वाढलेले असताना, त्यांच्या शरीरात पहाटेचे चार असतात. झोपेतून उठण्याआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, तीच ही वेळ, आणि सारा उपाय तिच्याभोवती फिरतो. या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, तर त्याच्या आधी पडलेला उजेड मागे ढकलतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळी सातचे कोवळे ऊन, जे एरवी गुणकारीच असते, ते न्यूयॉर्कच्या रात्री साडेनऊच्या शरीरावर पडून काम उलटे करते. ताजेतवाने वाटेल म्हणून दोघांना पहाटे उठवून पर्वतीवर किंवा तळजाईला नेण्याचा आग्रह या दिवसांत करू नये. दुपारपर्यंत खोलीचे पडदे ओढलेले असावेत, बाहेर जावेच लागले तर गॉगल लावावा, आणि तीन ते सहा या वेळात त्यांना गच्चीवर, अंगणात, जमेल तिथे उघड्यावर आणावे. दुपारची डुलकी अर्ध्या तासापुरतीच असावी, कारण तीनला लागलेली झोप सहापर्यंत लांबली तर उपयोगाचा उजेड वाया जातो. उजेडाची ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आणता येते, आणि आठवडा सरता सरता सकाळचे फिरणे पुन्हा हिताचे ठरते.

वहिनींच्या मधुमेहाच्या आणि दादांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा या आखूड दिवसात कशा बसवायच्या, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे; औषधांची पिशवी मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांना पहिले चार दिवस सकाळी येऊ न देता दुपारी चारला बोलवावे, आणि चहा गच्चीवरच द्यावा.