चिक्कीच्या बरणीतलं तळं

आमच्या घरातलं पहिलं मत्स्यालय म्हणजे चिक्कीच्या दुकानातली एक जाड काचेची बरणी. लोणावळ्याच्या बाजारात तेव्हा अशा बरण्यांतून चिक्की मांडलेली असे. एकीच्या काठाचा टवका उडाला आणि दुकानदारकाकांनी ती मला देऊन टाकली. 1982 सालचा मे महिना होता. मी नुकतीच पाचवी संपवली होती.

त्या बरणीत माशाच्या आधी वनस्पती आली. रविवारी सकाळच्या लोकलनं बाबा मला मळवलीला घेऊन गेले. कुरवंड्याच्या डोंगरातून उतरलेली इंद्रायणी तिथं अजून लहानच असते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह तुटतो आणि खडकांच्या मधे डोह उरतात. त्या डोहांत हायड्रिला दाटलेली होती. बारीक दांडी आणि तिच्याभोवती इवल्या पानांचे वेढे. शाळेत चंचुपात्रात उलटं नरसाळं ठेवून, त्यावर परीक्षानळी पालथी घालून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवतात, त्या प्रयोगातली हीच. थोडं पुढं, गाळात, वॅलिस्नेरियाची रिबिनीसारखी लांब पाती पाण्यात लवलेली होती. तिचं मादीफूल स्प्रिंगसारख्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं आणि तळाशी सुटलेली नरफुलं तरंगत तरंगत त्याच्यापर्यंत पोचतात, हे बाबांनी तिथं खडकावर बसून सांगितलं.

मी हात घालून उपटायला निघालो, तर ते म्हणाले, "थांब. आधी ती कुठं उभी आहे ते बघ. ऊन किती वेळ येतं, पाणी वाहतंय की साचलंय, पायाखाली वाळू आहे की चिखल? मग तिला घरी ने." ओल्या फडक्यात गुंडाळलेली चार रोपं, डब्यात ओंजळभर गाळ आणि कॅनभर डोहाचं पाणी घेऊन आम्ही परतलो.

दीड महिना बरणी झळकत होती. मग पाऊस लागला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक. जुलैत धुकं खिडकीतून घरात येतं आणि सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही. हायड्रिला उजेड शोधत उंच होत गेली, दांड्या फिकटल्या, खालची पानं गळली. गौरी-गणपतीपर्यंत बरणीत तपकिरी पाणी उरलं. मी रडलो. पुढची कितीतरी वर्षं हेच चक्र चाललं: उन्हाळ्यात आणायचं आणि श्रावणात गमवायचं.

पुढं खरी टाकी आली. लोखंडी अँगलची चौकट, लांबी भरून बसवलेल्या काचा आणि वर पत्र्याच्या झाकणात ट्यूबलाइट. कुणी मुंबईला निघालं की क्रॉफर्ड मार्केटमधून गप्पी आणि एखादी जुडी मागवायची. तिथं वनस्पतीला नाव नसे. 'लांब पातीवाली', 'फुलोऱ्यावाली' एवढ्यावर व्यवहार व्हायचा. कोणती जगेल ते आपल्याच टाकीनं ठरवायचं.

आज माझ्या दिवाणखान्यात तीन फुटी टाकी आहे. एलईडी दिवा टायमरवर रोज सात तास लागतो, जुलै असो की जानेवारी. कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर मोजून बुडबुडे सोडतो. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानं वाढवलेली रोपं झाकणाच्या डबीत कुरियरनं येतात. त्यांच्यासोबत गोगलगाय येत नाही की शेवाळ येत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या अॅन्युबियाससारखी सोशीक वनस्पती लोणावळ्यात लाकडाच्या ओंडक्यावर सुखानं नांदते. फक्त तिचा आडवा गड्डा वाळूत पुरायचा नाही, पुरला की सडतो. जपानच्या ताकाशी अमानो यांनी पाण्याखाली डोंगर, कुरणं आणि रानं उभी केली, तेव्हापासून जगभर लोक टाकीकडं निसर्गचित्र म्हणून बघू लागले. 2015 साली ते गेले, पण त्यांनी दिलेली ही नजर उरली. हे सगळं मला मनापासून आवडतं. श्रावणातली ती हार आता घरात होत नाही, याचं मोल मला ठाऊक आहे.

तरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी मी रोटाला आणि लिम्नोफिला अशा दोन डब्या मागवल्या. किंमत बरीच होती. त्याच आठवड्यात नाणे मावळात मामाच्या शेतावर गेलो. आवणी होऊन महिना झाला होता आणि मामी बेणणी करत होत्या. बांधावर टाकलेल्या ढिगाकडं माझी नजर गेली. लालसर दांडी, समोरासमोर गोल पानं: रोटालाचीच एक जात. शेजारी आंबुली, म्हणजे लिम्नोफिलाच, चुरडली की वास येणारी. हिच्याच जातभाईंना मत्स्यालयाच्या बाजारात अँबुलिया म्हणतात. मी ओंजळ भरून उचलली तशा मामी म्हणाल्या, "आरं, त्ये तण हाय. कशाला नेतुस?"

मला मळवलीचा डोह आठवला. ती कुठं उभी आहे ते बघ. या वनस्पती खाचरात पाणी असेल तेव्हा बुडून जगतात, पाणी ओसरलं की हवेत. आंबुलीची पाण्याखालची पानं केसासारखी चिरलेली असतात आणि वरची साधी, अखंड. रोपवाटिकेतही अनेक वनस्पती ओल्या हवेत, पाण्याबाहेरच वाढवतात. म्हणून टाकीत लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची जुनी पानं गळतात. नवखा माणूस घाबरून त्या उपटून टाकतो. मामींच्या खाचरात हेच दर पावसाळ्यात घडत असतं. तिथं नुसतं उभं राहिलं तरी धीर धरायचं कळतं.

त्या ओंजळीसाठी मी एक वेगळी टाकी केली. तळाशी दोन बोटं खाचराची माती, वर वाळू, पहिल्या दिवसापासून दाट लागवड आणि मासे अगदी मोजके. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 सालच्या आपल्या पुस्तकात मातीच्या याच पद्धतीचं शास्त्र मांडलं. सिलिंडर लागला नाही. लोणावळ्याच्या थंड हवेनं आणि पावसाच्या मऊ पाण्यानं उरलेलं काम केलं. आता कुणी विचारलं की आधी कोणती वनस्पती घ्यावी, तर मी सांगतो: आपलं पाणी, आपला उजेड आणि आपल्याकडचा वेळ बघा. चित्र नंतर बघा.

मात्र आणण्यालाही मर्यादा आहे. शेतातलं तण ओंजळभर घ्यावं. पण सड्यांवरच्या पातळ मातीत एका पावसाळ्यापुरती उगवणारी गेंदाची फुलं किंवा साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा खणून आणू नये. ती तिथंच शोभतात आणि तिथंच जगतात.

परत करण्याला तर त्याहून कडक मर्यादा हवी. मळवलीचा तो डोह मी अलीकडं पाहिला. काठावर प्लॅस्टिक होतं, पाणी गढूळ होतं आणि वॅलिस्नेरिया मला दिसली नाही. खाली देहू-आळंदीकडं तीच इंद्रायणी जलपर्णीखाली झाकली जाते. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांवर भाळून माणसांनीच तिला देशोदेशी नेलं. तीही एके काळी कुणाच्या तरी हौसेच्या हौदातलं देखणं रोप होती.

म्हणून दर रविवारी टाकीची छाटणी झाली की मी कात्रणं सुपात पसरून उन्हात कडक वाळवतो आणि जास्वंदीच्या आळ्यात घालतो. नाल्यात एक पानही जाऊ देत नाही. त्या डोहातून मी चार रोपं घेतली होती. त्याच्या पाण्यात माझ्याकडून काही जाऊ नये, एवढं तरी मी त्याचं देणं लागतो.