कापलेले पान

एका पुस्तिकेत छापलेल्या एका छायाचित्राने एखाद्या वृद्ध मनुष्याचे मन सहा वर्षे अस्वस्थ ठेवावे, ही गोष्ट ज्यांना अतिशयोक्तीची वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या घरच्या माणसांनाही ती तशीच वाटते. परंतु जी चूक दुरुस्त करण्यास एक ओळ आणि थोडीशी इच्छा एवढेच पुरेसे होते, ती दाखवून दिल्यानंतरही तशीच ठेवली गेली, ह्याचे शल्य अद्याप गेलेले नाही.

महसूल खात्यात कारकुनी करून मी निवृत्त झालो, कुडाळच्या जुन्या घरी परतलो, मुलाने दिलेल्या कॅमेऱ्याने परसातील फुलपाखरे टिपू लागलो, आणि आयझॅक किहिमकरांचे फुलपाखरांवरचे पुस्तक उशाशी आले. ह्यात विस्ताराने सांगण्यासारखे काही नाही.

ती भाद्रपदातील दुपार होती. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. खळ्याच्या कडेला घोळ माजली होती आणि तिच्यावर एक नारिंगी फुलपाखरू, ज्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी आणि त्या काळ्यावर पांढरा पट्टा, जमिनीला लागून घिरट्या घालीत होते. शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी माझ्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, ह्यां फुलपाखरू रुयर बसता मा? मग आज घोळीर कित्याक?"

त्या लहान मुलीने सगळ्या प्रकरणाच्या मुळावरच बोट ठेवले होते. रुईवर वाढणारे ते बिबळ्या कडवा, इंग्रजी नावाने प्लेन टायगर. त्याची अळी रुईची पाने खाते, त्या चिकातील विष अंगात साठवते, आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरते. ज्या पक्ष्याने एकदा त्याची चव घेतली त्याला ओकारी होते आणि पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेस जात नाही. ह्या दुर्लौकिकाचा लाभ दुसरेच एक फुलपाखरू घेते. त्याचे नाव छोटा चांदवा, अर्थात डॅनाइड एगफ्लाय. त्याचा नर काळा, पंखांवर निळसर झाक असलेले शुभ्र वाटोळे चांदवे असलेला. मादी मात्र आपल्या नराशी काडीचेही साम्य न राखता हुबेहूब कडव्याचा वेष धारण करते. तिच्या अंगात विष नाही, कारण तिची अळी घोळीवर वाढते. ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे काढून परतलेल्या हेन्री बेट्स ह्यांनी अशा अनुकरणाची उपपत्ती १८६२ साली प्रसिद्ध केली, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दोघांतील भेद सूक्ष्म असला तरी निश्चित आहे. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, नरास चार व मादीस तीन. चांदव्याच्या मादीस मागच्या पंखाच्या वरच्या कडेशी एकच ठिपका असतो. मी त्या दुपारी चार छायाचित्रे घेतली. चारांतही तो एकच ठिपका स्पष्ट होता, आणि चौथ्यात तर तिने पोट वाकवून घोळीच्या पानाखाली टेकवले होते. ती अंडी घालीत होती. कडव्याची मादी आपली अंडी घोळीवर घालणार नाही, कारण तिच्या अळीला तेथे खाण्यास काही नाही. ह्याहून बळकट पुरावा छायाचित्रात कोणता असू शकतो?

त्याच सुमारास एका संस्थेने जिल्ह्यातील फुलपाखरांची सचित्र पुस्तिका काढण्याचे योजिले आणि मजकडे छायाचित्रे मागितली. मी चारही दिली. सोबत दिनांक, वेळ, वनस्पती आणि ओळखीची कारणे अशी टिपणे जोडली. पुस्तिका हाती आली तेव्हा मी ते पान कितीतरी वेळ पाहत राहिलो. त्यांनी चौथे छायाचित्र निवडले होते, पण चौकटीत बसावे म्हणून त्याचा खालचा भाग कापला होता, म्हणजे घोळ कापली होती, पान कापले होते आणि अंडे घालणारे पोटही अर्धे कापले होते. मागच्या पंखावर ज्या ठिकाणी तो एकमेव ठिपका होता नेमक्या त्याच ठिकाणी नावाची पट्टी छापली होती. आणि त्या पट्टीवरचे नाव होते प्लेन टायगर. साक्षीदारास न्यायालयाबाहेर काढावे, दस्तऐवज झाकून ठेवावा आणि मग निकाल वाचून दाखवावा, असा हा प्रकार होता.

मी रीतसर पत्र लिहिले व छायाचित्रांच्या नकला जोडल्या. दोन महिन्यांनी उत्तर आले, त्याचा आशय असा, की दोन्ही फुलपाखरे सारखीच दिसतात, सर्वसाधारण वाचकास त्याने काही फरक पडत नाही. पुढच्या आवृत्तीतही तेच चित्र त्याच नावाने छापले गेले.

फरक पडत नाही! ज्याने तीस वर्षे फेरफाराच्या नोंदी हाताळल्या त्याला हे वाक्य ऐकवणे फार सोपे नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका गावात एकाच नावाचे, आणि दुर्दैवाने वडिलांचेही नाव एकच असलेले दोन खातेदार होते. कोणा घाईच्या हाताने एकाची जमीन दुसऱ्याच्या सातबारावर चढवली, आणि पहिल्याच्या विधवेने त्यापायी तालुक्याच्या कचेरीचे उंबरठे किती वर्षे झिजवले ते मी पाहिले आहे. दोन नावे सारखी दिसतात म्हणून तर दप्तर ठेवायचे असते; सारखी दिसली नसती तर दप्तराची गरजच काय होती? चांदव्याचे नाव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आले, कडव्याचे नव्हे. अशा फुलपाखराची आपल्या खळ्यातील नोंद दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हावी, ही क्षुल्लक बाब नाही.

तथापि छायाचित्राची एक मर्यादा मला मान्य केली पाहिजे. आमच्या भागात दशावतारातील स्त्रीपार्टी करणारा नट शालू नेसून उभा असता क्षणभर नवखा प्रेक्षक फसेल, पण तो चालू लागला, बोलू लागला की गावच्या माणसास कोण आहे ते तत्काळ कळते. फुलपाखराचेही तसेच. कडवा संथ, निर्धास्त उडतो. चांदव्याची मादी त्याच चालीने उडते खरी, परंतु दचकली की वेष विसरून वेगाने निसटते. छायाचित्र ही चाल हिरावून घेते. म्हणून ज्यांच्या हाती केवळ चित्र आहे त्यांनी चित्रातील प्रत्येक गोष्टीस, आणि फुलपाखराखालच्या पानासही, अधिक मान दिला पाहिजे.

थोरांच्याही चुका झाल्या आहेत. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन ह्या फुलपाखराच्या मादीची काही रूपे विषारी क्रिमसन रोज व कॉमन रोज ह्यांचा वेष घेतात. रोजचे शरीर लाल असते, मॉर्मनचे काळे. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली मॉर्मनच्या ह्या एकाच जातीच्या नराला आणि मादीला दोन निरनिराळी नावे दिली. त्या वेषांतरामागे डबलसेक्स नावाचे एकच जनुक आहे, हे कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले. लिनियसचे स्मरण झाले की माझा राग थोडा निवतो. पण लगेच मनात येते, की लिनियससमोर मृत नमुने होते, पुस्तिकेच्या मंडळींसमोर घोळ होती, अंडे होते आणि माझे टिपणही होते.

गेल्या पावसाळ्यात मी माझी स्वतःची जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली. ग्रास यलो नावाच्या लहान पिवळ्या फुलपाखरांची अकरा चित्रे मी 'कॉमन' म्हणून नोंदवली होती. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस मुळाकडील कोषात दोन ठिपके असतील तर ते कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. भिंगाखाली धरले तेव्हा दोन चित्रांत तीन ठिपके निघाले. त्या नोंदी मी तारीख घालून दुरुस्त केल्या. आणखी तीन चित्रांत पुढचा पंख मागच्या पंखाआड इतका दडलेला होता, की कोष दिसतच नव्हता. प्रत्येक फुलपाखरास त्याचे नाव मिळालेच पाहिजे, असे मी पूर्वी आग्रहाने म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. महसुलात वादग्रस्त फेरफार निकाल होईपर्यंत मंजूर करीत नाहीत, तक्रारी नोंदवहीत ठेवतात. त्या तिन्ही चित्रांपुढे मी 'अनिर्णित' असा शेरा मारला आहे आणि तो पुसण्याची मला घाई नाही.

ज्यांच्या हाती आज कॅमेरा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एका चित्रावर थांबू नका; पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही टिपा; दिनांक लिहा, झाडाचे नाव लिहा. आणि छापण्यास देताना, चौकट कितीही लहान असो, फुलपाखरू ज्या पानावर बसले आहे ते पान कापू देऊ नका.