सहल पाहावी आखून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांच्या काळी थीम पार्क नव्हते, म्हणून त्यांची यादी दोनावरच थांबली. साडेचार वर्षांचे चिरंजीव, त्यांची आई आणि त्यांची आजी या तिघांना घेऊन एका दिवसाची सहल आखायला बसा. घर बांधणे म्हणजे नुसते विटेवर वीट ठेवणे वाटू लागेल.

आमचे ठरले आहे खोपोलीचे इमॅजिका. ते २०१३ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून आमच्या शाखेतले बहुतेक सगळे जण जाऊन आले आहेत आणि प्रत्येकाने मला निरनिराळा सल्ला दिला आहे. हेडकॅशिअर म्हणाले, "दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहा." कर्जविभागातले म्हणाले, "घाई करू नका, दुपारनंतर गर्दी ओसरते." शिपाई म्हणाला, "साहेब, पोराला झोपाळा घेऊन द्या. स्वस्तात पडेल."

पहिली अडचण तारखेची. मार्चमध्ये बँकवाल्याला सहलच काय, सर्दीसुद्धा परवडत नाही. एप्रिल-मे म्हणजे ऊन. पुढे पाऊस, तो जोरात आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. राहता राहिला हिवाळ्यातला एखादा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. पण ती सगळ्याच बँकांना असते, हे विसरून चालत नाही. गेली वीस वर्षे मी रांगेच्या तोंडाशी बसून शेपटाकडे बघत आलो. त्या दिवशी शेपटाशी उभे राहून तोंडाकडे बघायचे आहे. एवढ्यासाठी माणशी एवढे तिकीट काढायचे, हे माझ्यातल्या बी. कॉम.ला अजून पटत नाही.

दुसरी अडचण उंचीची. एसटी आणि रेल्वे या जुन्या वळणाच्या संस्था. त्या मुलाचे वय विचारतात आणि पाच वर्षांच्या आत असेल तर फुकट नेतात. थीम पार्क वय विचारत नाही. ते मुलाला खांबाशेजारी उभे करते. तिकिटाचा दर उंचीवर आणि राइडमध्ये बसायची परवानगीही उंचीवर. म्हणजे फाटकाशी मूल बुटके असावे आणि राइडपाशी उंच! एकच रक्कम एकाच दिवशी जमेला आणि खर्चाला दाखवायची, असला हा प्रकार आहे. आईने तोड काढली, "अरे, आत शिरताना त्याला जरा गुडघ्यात वाकायला सांग." हे चिरंजीवांनी ऐकले आणि लगेच ताठ उभे राहून दाखवले. सध्या ते रोज शेवग्याच्या शेंगा मागून खातात आणि दाराच्या चौकटीपाशी पाठ लावून उभे राहतात. पेन्सिलीची रेघ १०४ सेंटीमीटरवरून हललेली नाही.

तिथे नायट्रो नावाचा एक रोलरकोस्टर आहे. त्याची जात मला आमच्या धंद्यातली वाटते. या गाडीला इंजिन नसते. सुरुवातीला साखळीने तिला उंच ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढचा सगळा प्रवास त्या पहिल्या चढाच्या भांडवलावर. वाटेत घर्षण आणि वारा आपापले कमिशन कापून घेतात, म्हणून मागाहून येणारी कुठलीही टेकडी पहिलीएवढी उंच ठेवता येत नाही. आणि उंचीची अट मुलाच्या धैर्यासाठी नसते; बसणाऱ्याला जखडून ठेवणारा दांडा अमुक एका मापाच्या शरीरावरच नीट बसतो, म्हणून असते. हे मी चिरंजीवांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "मग तुम्ही बसा बाबा."

यावर मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात सौ. म्हणाल्या, "अहो, मी बसणार आहे. कधीपासून मनात आहे माझ्या. तुम्ही याला धरा आणि माझी पर्स धरा." लग्नाला बारा वर्षे झाली, ही मनीषा मला प्रथमच कळत होती. मी उदार मनाने पर्स धरण्याचे मान्य केले.

तर अशा रीतीने माझी जागा ठरली : बाकावर. आता गंमत अशी, की या साऱ्या प्रकाराचा उगमच एका बाकावर झाला. वॉल्ट डिस्ने सांगत असे, की सुट्टीच्या दिवशी तो मुलींना बागेत नेई. मुली घोड्यांच्या चक्रीत बसत आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खाई. आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा असावी, असे त्याला तिथे वाटले. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. पहिल्याच दिवशी खोट्या तिकिटांवर लोक घुसले आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. त्यानंतर सत्तर वर्षांत जगाने अशा जागांवर अफाट पैसा ओतला, आणि एवढे करून बाप आहे तिथेच आहे. डिस्नेच्या हातात निदान शेंगदाणे होते. इथे बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. आईच्या दशम्यांचा डबा गाडीतच राहणार.

पण बाकाची मला तक्रार नाही. डिस्नेलँडच्या पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्यात मी बसत असे आणि माझे वडील पिशवी सांभाळत बाहेर सावलीत बसत. गाडी वळणावरून आली, की मी आधी झाडे बघत नसे, ते जागेवर आहेत की नाही ते बघे. मला वाटे, त्यांना बिचाऱ्यांना काहीच बघायला मिळत नाही. सौ. वरून खाली येताना डोळे मिटून घेणार, हे मला ठाऊक आहे. शेजारी बसलेल्याला शेजारच्याचा चेहरा दिसत नाही. तो बाकावरून दिसतो, दर फेरीला एकदा.

चौकटीवरची रेघ आज ना उद्या वर सरकेल. मग चिरंजीव त्या खांबापाशी दिमाखात उभे राहतील, मित्रांबरोबर नायट्रोत बसतील आणि बाकाकडे बघायचे त्यांना सुचणार नाही. तिकीट तेव्हा पूर्ण पडेल. म्हणून सहलीच्या वहीत मी तारीख, गाडी, टोप्या, औषधे या सगळ्यांच्या वर एक कलम लिहून ठेवले आहे : 'लहान मुलांच्या चक्रीसमोर सावलीतला बाक. सकाळी जाताच धरणे.'