डिंगबोचेची कोजागिरी

"बिस्तारै, बा, बिस्तारै," नामचे बाजारच्या चढणीवर आमचा शेर्पा गाइड सारखा म्हणायचा. बिस्तारै म्हणजे सावकाश, आणि नेपाळीत बा म्हणजे बाप. आपल्याकडे या अक्षराने विठ्ठलालाही हाक मारतात. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुडघ्यांना पट्टे बांधून धापा टाकणारा, सदुसष्ट वर्षांचा मी क्षणभर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. तसंही थांबायचंच होतं.

हळू चालायची विद्या पर्वतीच्या पायऱ्यांनी मला केव्हाच शिकवली होती. पण पुण्यात हळू चालणं म्हणजे कडेला सरकणं, मागून येणारं "काका, जरा" ऐकणं. इथे दूधकोशीचा झुलता पूल ओलांडून वर येताना, खाली नदीचा घोष विरत जाताना आणि पाइनच्या सावल्यांतून वाट वर वर वळत असताना पंचविशीतली पोरंही चार पावलांनी काठ्यांवर रेलून उभी राहत होती, एकमेकांकडे बघून ओशाळं हसत होती, आणि त्यांच्यामधून पाठीवर डोंगराएवढं ओझं घेतलेला हमाल न बोलता पुढे जात होता. हवा पातळ झाली की वयाचा फरकही पातळ होतो. खुंबूत सगळेच माझ्या वयाचे.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा फार उंच नेऊ नये असं म्हणतात. म्हणून नामचेत एक जास्तीचा मुक्काम, डिंगबोचेत आणखी एक. डिंगबोचे ४,४१० मीटरवर. दगडी गडग्यांनी आखलेली, कापणी झालेली उघडी शेतं. लॉजच्या मधोमध याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी. वाफाळतं लसणाचं सूप. बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजनचा आकडा ८४. घरी असतो तर मुलाने अँब्युलन्स बोलावली असती. इथे मालकीणबाईंनी आकडा पाहिला, मान डोलावली आणि वाटीत आणखी सूप ओतलं.

उंचीसाठी डॉक्टरांनी डायमॉक्स दिली होती. तिने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि लघवीला फार होते. या वयात त्या दुसऱ्या कामाला गोळीची गरज नसते, हे डॉक्टरांना कोण सांगणार! रात्री साडेबाराला स्लीपिंग बॅगेची चेन चाचपडत उघडली, बुटांचे बंद न बांधताच बाहेर आलो आणि बॅटरी लावायला गेलो.

लावलीच नाही.

चंद्र माथ्यावर होता. गडगे, शेतं, अंगणात रवंथ करणारा एक याक, त्याच्या पाठीवर साचलेलं दव की हिम, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. आणि समोर, इतकी जवळ की श्वासाची वाफ तिच्यावर जाईल असं वाटावं, अमा दब्लम. अमा म्हणजे आई, दब्लम म्हणजे शेर्पा बायका गळ्यात घालतात ती ताईताची डबी. शिखरावर त्या डबीसारखी लटकणारी हिमनदी टेंगबोचेच्या बाजूने दिसते. डिंगबोचेतून दिसते ती आईची पाठ. लहानपणी अर्ध्या झोपेत स्वयंपाकघराच्या दारात यावं आणि ओट्याशी उभी, दूध आटवणारी पाठमोरी आई दिसावी, तिला हाक मारावीशी वाटू नये, नुसतं उभं राहावं, तसा उभा राहिलो.

दूध आटवणारी आई का आठवली ते थोड्या वेळाने ध्यानात आलं. अश्विनातली पौर्णिमा. घरी गच्चीवर सतरंज्या पडल्या असतील, केशर घातलेलं दूध पेल्यांतून फिरत असेल. कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी आज घरोघर फिरते म्हणतात. साडेचार हजार मीटरवर ती येत असेल का, ठाऊक नाही. आलीच असेल, तर जागा असलेला माणूस कशाने जागा होता हे तिने विचारलं नाही, एवढं खरं.

थंडीने कान दुखायला लागले तेव्हा आत गेलो. पहाटेपर्यंत आणखी दोनदा उठलो.

तिसऱ्यांदा लघवी लागली नव्हती.