येलदरीची वाट आणि गाडीचा शॉकअप



जिंतूरहून येलदरीकडे निघालात की काळ्या रानापलीकडे टेकड्या दिसू लागतात आणि मग पूर्णा नदीवरील धरणाचा लांबच लांब मातीचा बांध. धरण 1968 साली पूर्ण झाले. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅट क्षमतेचे वीजघर आहे. येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी रानोमाळ पोहोचते.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर घातले तरी खालची जमीन स्वस्थ बसत नाही. म्हणून रस्ता लाटेसारखा होतो आणि मोटारसायकलचा शॉकअप लवकर थकतो.

शॉकअपमध्ये वजन पेलते ती स्प्रिंग आणि तिची उसळी आवरते ते तेल. दट्ट्या हे तेल बारीक छिद्रांतून ढकलतो आणि त्यात गचक्याचा जोर जिरतो. धरणाच्या सांडव्याखालीही पाण्याचा जोर असाच मोडावा लागतो, नाहीतर ते नदीचे पात्र खरवडून काढील.

पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने दाबा व सोडा. ते एकदा वर येऊन थांबले तर ठीक. दोन-तीनदा नाचले तर तेल गेले समजा. गळणारे तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरले तर ब्रेक घसरतो. मागे घरधनीण आणि तिच्या मांडीवर लेकरू असते, हे विसरू नका.

म्हणून लगेच नवा जोड घ्यावा असे नाही. पुढच्या शॉकअपचे बहुधा ऑइल सीलच गेलेले असते. दोन्ही बाजूंची सीले बदलून, कंपनीने सांगितलेले तेल दोन्हीकडे नेमके मापाने भरून घ्या. मात्र चकचकीत नळीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ती नवे सीलही फाडते. नळी वाकली असेल तरीही दुरुस्ती टिकत नाही. अशा वेळी नळीच बदला.

मागचा शॉकअप पुष्कळदा बंद बनावटीचा असतो. त्यात दाबाखाली गॅस असेल तर तो कापणे, तापवणे जिवावर बेतू शकते. खोलता येणारा असला तरी स्प्रिंग दाबलेली असते. तो जाणत्या कारागिराकडेच न्या.

नळीवरचा चिखल वाळण्याआधी पुसा, कारण वाळलेली माती सीलची कड खाते. पावसाळ्याआधी फवारणी पंपाचे वायसर तपासता, तेव्हाच गाडीचा शॉकअपही दाबून पाहा.