वहीची मागची पानं

गेल्या महिन्यात पोटमाळ्यावरची ट्रंक खाली काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला आणि तळाशी आईची दोनशेपानी वही निघाली. पुढून मुक्त विद्यापीठाचे स्वाध्याय. मागून, वही उलटी धरून लिहिलेलं, तिच्या शाळेचं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं. शाळा सुटलेल्यांनाही पूर्वतयारी करून बी.ए. करता येतं, हे कळल्यावर चाळिशीतली आई गंगापूर रोडच्या बसने उभ्याने गोवर्धनला जाऊन चौकशी करून आली. पुढे कुठल्याशा खिडकीवर कुणीतरी विचारलं, "ह्या वयात कशाला, बाई?" तिने ते हसत सांगितलं. मला त्या माणसाचा राग अजून येतो.

रात्री भांडी आवरली की ती ओट्यापाशी पाटावर वही घेऊन बसायची. पान दाबून धरलेल्या बोटाची हळद कागदाला लागायची. डाग आहेत अजून.

शिक्षणाची आत्मचरित्रं मी हावऱ्यासारखी वाचली. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला डोंगर तुडवत गेले, आणि लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. 'झोंबी'त बाप पोराला शेताकडे ओढतो, पोरगं शाळेकडे. रडले आहे मी. पण पोरगं शिकलं म्हणून तर पुस्तक झालं, हे हातातल्या पुस्तकाच्या वजनावरूनच कळत असतं.

आईच्या पानांना तो आधार नाही. ती तिसरीत असताना भाऊ झाला, त्याला सांभाळायला ती घरी राहिली. पुढे पाटीही त्यालाच गेली. चौकटीवर तिने खिळ्याने कोरलेलं नाव आजोबांनी तासून काढलं. हे ती कधी बोलली नव्हती.

लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती. पण लिही म्हणून मुलगा देवदत्त मागे लागलेला होता. मी आईच्या मागे लागले नाही. मला माझ्या दहावीची घाई होती.

पानं सहाच आहेत. सहावं मध्येच तुटतं: 'बाई घरी बोलवायला आल्या तेव्हा मी'. खाली त्याच शाईत दुधाचा हिशोब. सोमवार एक लिटर, मंगळवार दीड. मंगळवारी अर्धा लिटर जास्त का घेतलं असेल, कोण आलं असेल, इथेच मी अडून बसले आहे.