गुलाबी धार येईपर्यंत

मिनिआपोलिस, ४ ऑक्टोबर



पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. भरलेल्या नळीत या वाढीला जागा नसते. मग नळी, सांधा नाहीतर पंप फुटतो, आणि तो फुटल्याचे कळते वसंतात, पाणी पुन्हा सुरू केल्यावर फरशीखाली ओल दिसते तेव्हा. मिनेसोटात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. म्हणून हिवाळाभर दारात उभ्या राहणाऱ्या आरव्हीतले, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या प्रवासी गाडीतले, पाणी ऑक्टोबरातच काढून टाकतात. पिंप, कळशी, तांब्या सगळे भरून ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला ही उलटी सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवात टाक्यांपासून होते. डंप स्टेशनवर आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची. या क्रमाने दुसऱ्या टाकीचे पाणी जाता जाता पाइपही धुऊन नेते. पिण्याच्या पाण्याची टाकी तिच्या तळाच्या तोटीने रिकामी होते. याशिवाय नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी गार आणि गरम पाण्याच्या दोन छोट्या निचरा-तोट्या असतात. त्या उघडताना आतले सगळे नळही उघडे हवेत. वरून हवा शिरली नाही, तर बोटाने तोंड दाबलेल्या स्ट्रॉसारखे पाणी नळीत लटकून राहते. पाण्याचा फिल्टर असल्यास त्याचे काडतूसही काढून ठेवावे.

घाई नडते ती गरम पाण्याच्या टाकीशी. हीटर बंद करून तो पुरता निवू द्यावा, बाहेरचा पुरवठा तोडावा, नळ उघडून दाब उतरवावा आणि मगच बूच काढावे. गरम, दाबाखालच्या टाकीचे बूच उघडणाऱ्याचे तोंड-हात भाजतात. टाकी स्टीलची असेल तर बुचाला अ‍ॅनोड म्हणजे मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कांडी लागलेली असते. टाकीऐवजी गंज तिला खातो. दोन-तीन मोसमांनंतर ती चघळलेल्या उसाच्या कांड्यासारखी दिसते, मागोमाग क्षारांच्या पांढऱ्या खपल्या बाहेर पडतात. कांडी फार झिजली असेल तर बदलावी. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला सहसा साधे प्लास्टिकचे बूच असते.

एवढे करूनही नळ्यांच्या वळणांत आणि पंपात घोट-दोन घोट पाणी उरतेच, आणि नुकसान करते ते हेच. काहीजण कॉम्प्रेसरच्या हवेने, दाब ५० पीएसआयच्या आत ठेवून, ते उडवून लावतात. हे स्वस्त पडते, पण पंपातले आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपातले पाणी हवेला हटत नाही. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात गुलाबी अँटीफ्रीझच बरे. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारीच्या रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने या नळ्यांत कधीही घालायचे नाही. कॅनवर उणे ५० अंश फॅरनहाइट लिहिलेले असले, तरी द्रव त्याच्या बराच आधी बर्फाच्या गोळ्यासारखा भुसभुशीत होतो. मात्र नळी फोडण्याइतका फुगत नाही.

अँटीफ्रीझ भरण्याआधी हीटरचा बायपास फिरवून त्याची टाकी वगळतात. हे राहिले तर ६ किंवा १० गॅलनची ती टाकीच सगळे गिळून बसते. एरवी लहानशा गाडीला २-३ गॅलन पुरतात. पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाची नळी कॅनमध्ये बुडवून पंप चालू करावा. पंपाजवळच्या नळापासून लांबच्यापर्यंत एकेक करून गार आणि गरम, दोन्ही बाजू गुलाबी धार येईपर्यंत उघडाव्यात. पहिल्यांदा हवेची भुरभुर, मग फिक्का रंग, मग गुलाबाच्या सरबतासारखी धार. शॉवर, कमोड आणि बर्फाचे यंत्र सोडू नये. हमखास विसरला जातो तो गाडीच्या बाहेरचा शॉवर. प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या मोरीत कपभर अँटीफ्रीझ ओतावे, म्हणजे खालच्या वळणातले पाणी गोठत नाही.

शेवटी बाहेरून पाणी जोडण्याचे तोंड. नळ्यांतला दाब उतरवून तिथली जाळी काढावी आणि आतली झडप बोथट काडीने क्षणभर दाबावी. तिथेही गुलाबी थेंब दिसले पाहिजेत. हीटरच्या विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावून 'टाकी रिकामी' असे लिहावे. वसंतात चुकून ते दाबले गेले, तर कोरड्या टाकीतले एलिमेंट काही क्षणांत जळते.

– काका